चित्रकलेचे सर काल दुपारी येऊन गेले

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि लॅपटॉपच्या पडद्यावरची ओळ तिसऱ्यांदा वाचली.

'चित्रकला सर. शेवटचा प्रवेश: काल, दुपारी ३ वाजून ४० मिनिटे.'

सरांना जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती. बाई स्वतः त्यांना शेवटचा निरोप द्यायला गेल्या होत्या. त्यांच्या बोटांना लागलेला हिरवा रंग तेव्हाही पुरता निघाला नव्हता, हे बाईंच्या चांगलं लक्षात होतं.

सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. वाचनघरात कुणी नव्हतं. टायरच्या दुकानावरची ही एकच लांबट खोली: बुटक्या खुर्च्या, बुटकी कपाटं, एका भिंतीवर फळा आणि दाराशी काथ्याचं पायपुसणं. पायपुसण्याचा नियम सरांनी घालून दिलेला. पाय तीनदा पुसायचे, दोनदा धुळीसाठी आणि एकदा पुस्तकांसाठी. मुलं शाळा सुटल्यावर चार वाजता वर्गाला यायची. तोवर बाई एकट्या बसून मुलांचं लेखन वाचायच्या आणि त्यातलं निवडक वेबसाइटवर लावायच्या. आधी हे सगळं फळ्याशेजारच्या भिंतीवर टाचणीने लागायचं. तीन वर्षांपासून ते जगाला दिसत होतं.

बाईंनी भाचीला फोन लावला.

"ठमे, मेलेला माणूस वेबसाइटवर येऊ शकतो का गं?"

"मावशी, अगं सकाळी सकाळी काय हे? कुठल्या कार्ट्याने भुताची गोष्ट लिहिलीय?"

"लिहिली नाही. आलीय." बाईंनी ती ओळ वाचून दाखवली.

पलीकडे भाची गप्प झाली. ही भाची कचेऱ्यांच्या वेबसाइट सांभाळायची. बोलण्यात कुणाला हार जायची नाही. ती गप्प झाली म्हणजे पाणी डोक्यावरून जायला लागलेलं असणार, हे बाईंना ठाऊक होतं.

"कशालाही हात लावू नकोस," ती शेवटी म्हणाली. "काही पुसू नकोस, काही दाबू नकोस. मी बैठकीत आहे. दहा मिनिटांत बाहेर पडून फोन करते."

बाई हात मांडीवर घेऊन बसल्या. खाली दुकानात कुणीतरी हवा भरत होतं. बसल्या बसल्या त्यांना तीन वर्षांपूर्वीची दुपार आठवली. याच फळ्यावर भाचीने वेबसाइटसाठी तीन सॉफ्टवेअरची नावं लिहिली होती.

तिन्ही फुकट होती. बाई खुशीत येऊन म्हणाल्या होत्या, "धर्माची गाय आणि दात का नाय! दे त्यातलं कुठलंही."

"या गाईचे दात मोजायलाच हवेत, मावशी. फुकट आहे म्हणून नाही घ्यायचं. ही ओपन सोर्स आहेत. म्हणजे आतली सगळी मांडणी जगापुढे उघडी. हजार जण ती वाचतात, चुका शोधतात, दुरुस्त करतात. तुझ्या वर्गात वही उघडी ठेवून बसणारं मूल असतं ना, तसं."

"मग चांगलंच की."

"चांगलंच. पण उघड्या वहीतली चूक चोरालाही दिसते. म्हणून आधी बघायचं, चूक सापडल्यावर ती सुधारायला हे लोक किती दिवस लावतात."

बाई जन्मभर मुलांना शिकवत आल्या होत्या, त्यामुळे शिकायलाही त्यांना लाज वाटत नसे. त्यांनी भाचीला विद्यार्थ्यासारखे प्रश्न विचारले आणि उत्तरं नावांखाली खडूने लिहिली. पहिलं सॉफ्टवेअर दिसायला देखणं होतं, पण दीड वर्षात त्याची एकही दुरुस्ती निघालेली नव्हती. "म्हणजे घर छान, पण आत कुणी राहत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यावर काट मारली. दुसरं फार मोठं होतं. साधं चित्र लावायचं तरी त्याला बाहेरची जोडणी लागायची. अशा पंचवीस-तीस जोडण्या, प्रत्येक वेगळ्या माणसाने बनवलेली. "म्हणजे आपल्या घराच्या तीस किल्ल्या तीस शेजाऱ्यांकडे," भाची म्हणाली. त्यावरही काट बसली.

तिसरं साधं होतं. दर महिन्याला दुरुस्ती यायची. उद्या सोडायचं म्हटलं तर सगळं लेखन उचलून दुसरीकडे नेता यायचं. आणि भाची सहज म्हणाली, "हे आधीचा प्रत्येक मसुदा जपून ठेवतं. पन्नास वेळा बदल केलास तरी पन्नासही प्रती आत राहतात."

बाईंचे डोळे चमकले होते. "बास! हेच."

कारण बाईंच्या लेखी मुलाच्या पक्क्या वहीपेक्षा कच्ची वही मोलाची. पक्की वही मूल बाईंसाठी लिहितं, कच्ची स्वतःसाठी. त्यांच्या वर्गात रबर बंद होतं. चुकलं तर एक बारीक रेघ मारा आणि पुढे चला. नव्या मुलांना त्या एक गोष्ट नेहमी सांगायच्या. फार वर्षांपूर्वी एक मुलगा होता. मधल्या सुट्टीत सगळे खेळायला पळायचे आणि हा एकटा वर्गात बसून दुसऱ्यांच्या कच्च्या वह्या वाचायचा. एकही सोडायचा नाही. "बघा," बाई सांगायच्या, "दुसऱ्याचं कच्चं वाचलं की दुसऱ्याचं मन कळतं. असं वाचावं!"

मग भाचीने कुलपं लावली. प्रत्येकाचं वेगळं खातं. जेवढं काम तेवढाच अधिकार. मुलांना फक्त लिहायचा, बाईंना आणि सरांना सगळं बघायचा. पासवर्ड लांब, आणि त्याच्यावर मोबाइलवर येणारा आकडा. दर सोमवारी दुरुस्त्या चढवायच्या, दर शनिवारी सगळ्याची एक प्रत वेगळ्या जागी ठेवायची. आणि जो गेला त्याचं खातं त्याच दिवशी बंद करायचं.

शेवटचा सोडून सगळे नियम बाईंनी डोळ्यांत तेल घालून पाळले होते.

वाचनघराच्या नोंदवहीतून कुणाचंही नाव खोडायचं नाही, ही इथली पहिल्या दिवसापासूनची रीत. कुणी गाव सोडलं, मोठं झालं, तर नावापुढे एक लहानशी चांदणी काढायची. सर गेले तेव्हा भाची त्यांचं खातं काढायला बसली आणि सॉफ्टवेअरने विचारलं: 'या व्यक्तीच्या साहित्याचं काय करायचं? नष्ट करा, की दुसऱ्याच्या नावे करा?'

"एकशे बारा चित्रं," बाई म्हणाल्या होत्या, "नष्ट करू? की माझ्या नावावर चढवू? मी मांजर काढलं की मुलं म्हणतात, बाई, बटाटा सुरेख जमलाय."

"मग नाव ठेव, नुसते अधिकार काढ. नाव राहील, किल्ली राहणार नाही. आणि आजारपणात त्यांना तो आकडा टाकणं जमेना म्हणून मी त्यांच्यापुरती सवलत दिली होती, तीही काढायचीय."

"उद्या करू गं. आज नको."

नंतर भाचीने दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा बाई 'झालंच समज' म्हणाल्या. तो उद्या उजाडलाच नाही.

फोन वाजला. भाची धापा टाकत जिना उतरत होती.

"मावशी, सरांचा पासवर्ड काय होता?"

बाईंनी तो सांगितला आणि सांगता सांगता त्यांची नजर वेबसाइटच्या पहिल्या पानावर गेली. तिथे सरांवरचा लेख होता, बाईंनी स्वतः लिहिलेला. त्याचं शीर्षक ठळक अक्षरांत होतं. 'आधी पाणी, मग रंग.' प्रत्येक तासाला सर तेच म्हणायचे. प्रत्येक मुलाला ते पाठ होतं. आणि तेच, मधल्या जागा गाळून, त्यांचा पासवर्ड होता.

"किल्ली दारावरच टांगली होती की गं आपण," बाई पुटपुटल्या.

"असू दे. आता डावीकडे 'हालचालींची नोंद' आहे, ती उघड. काल तीन-चाळीसच्या पुढची. त्याने काय बदललंय?"

बाईंनी नोंद उघडली. खाली सरकवत नेली. "काहीच नाही."

"काहीच नाही? कुठली जाहिरात नाही, पान बिघडवलं नाही?"

"नाही गं. नुसतं वाचलंय. सगळं... कच्चं वाचलंय."

"हे वाईट आहे," भाची हळू आवाजात म्हणाली. "मोडतोड करणारा येतो आणि जातो. जो नुसता वाचतो, तो काहीतरी शोधत असतो. कुणाचं वाचलंय?"

बाईंनी एकेक ओळ बघितली. दहा-बारा मुलांचे मसुदे आधी भराभर उघडून मिटलेले होते. आणि मग एकच नाव पुन्हा पुन्हा येत होतं. वाटाणा. वाटाणा. वाटाणा. शेवटची ओळ होती: 'आमच्या खिडकीतून, मसुदा १, उघडा होता ११ मिनिटे.'

बाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

वाटाणा हे टोपणनाव. मुलगी अकरा वर्षांची. आठ महिन्यांपूर्वी तिची आई तिला घेऊन वाचनघरात आली होती. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारी, कमी बोलणारी बाई. उन्हाळा असूनही तिने लांब बाह्या घातल्या होत्या. "हिला लिहायला आवडतं," ती म्हणाली. "पण हिचं नाव, फोटो, शाळा, काही म्हणजे काही बाहेर जायला नको. हिचे वडील आम्हाला शोधताहेत. सापडलो तर ते हिला घेऊन जातील. मला तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही आणि बाईंनी ते पुरं करायला लावलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्याकडून एक अक्षर जाणार नाही."

अक्षर गेलंही नव्हतं. 'आमच्या खिडकीतून' हा निबंध वेबसाइटवर लावताना बाईंनी त्यातलं सगळं ओळखीचं गाळलं होतं. उरली होती एक मांजर, ढग आणि खिडकीत बसणारा कापडी ससा, ज्याच्या एका डोळ्याच्या जागी कोटाचं बटण शिवलेलं होतं.

पण पहिला मसुदा जसाच्या तसा आत होता. सॉफ्टवेअर तो जपत होतं. त्यात समोरची पाण्याची टाकी होती, सव्वाचारला बंद पडलेलं टाकीवरचं घड्याळ होतं, खाली निळ्या दाराची बेकरी आणि तिच्यावर दातांच्या डॉक्टरांची पाटी होती. अशी खिडकी गावात एकाच घराला होती.

"ससा," बाई म्हणाल्या. "तिच्या बापाने ससा ओळखला. म्हणून तो आत शिरला."

"मावशी, आता ऐक. वापरकर्त्यांची यादी पुन्हा उघड. सरांच्या नावापुढे ठिपका कसला आहे?"

बाईंनी बघितलं. मघाशी तो राखाडी होता. "हिरवा," त्या म्हणाल्या. "ठमे, हिरवा आहे. म्हणजे?"

"म्हणजे तो आत्ता आत आहे."

खोलीत काहीच बदललं नव्हतं. बुटक्या खुर्च्या, ऊन, फळ्यावरची कालची तारीख. तरी बाईंना वाटलं, कुणीतरी आपल्या खांद्यावरून वाचतंय.

"हाकलून देऊ त्याला? तू सांग, कुठलं बटण?"

"थांब. हाकललं तर त्याला कळेल, आपण जागे झालोय. मग तो वाट बघणार नाही. आधी त्या दोघींना तिथून काढू. आईचा नंबर दे. मी गाडी काढते, वीस मिनिटांत पोचते. पोलिसांनाही मीच कळवते. तू त्या नोंदीचे फोटो काढून ठेव. आणि तो काय वाचतोय यावर नजर ठेव."

बाईंनी आईला फोन स्वतःच केला. हे दुसऱ्याच्या तोंडून तिला कळू नये, असं त्यांना वाटलं. बाई बोलल्या, चूक माझी आहे असंही बोलल्या. पलीकडे भिंगं घासायच्या यंत्राचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"ती शाळेत आहे," आई म्हणाली. "मी निघाले." एवढंच. रडणं नाही, ओरडणं नाही. जणू ती आठ महिने याच फोनची वाट बघत होती.

पडद्यावर हिरवा ठिपका होता तसाच होता. नोंदीत नवी ओळ उमटली. 'आमच्या खिडकीतून, मसुदा २.' मग 'मसुदा ३.' तो सावकाश वाचत होता. वर्गात पर्यवेक्षण करताना मुलांच्या पेनांची कुरकुर ऐकू यावी, तसं बाईंना त्याचं वाचणं दिसत होतं.

मसुदे सात होते. सात संपले की तो उठणार.

बाईंनी चाळीस वर्षांत एक गोष्ट कधीही केली नव्हती. मुलाचा निबंध त्यांनी कधी लिहून दिला नव्हता. पालक गयावया करायचे, मुलं रडायची, पण बाई बधायच्या नाहीत. आता त्यांनी वाटाण्याच्या नावाने नवा मसुदा उघडला.

कॉपी करणाऱ्या मुलाला शेजारच्याचं चुकीचं उत्तर दिसलं, की तो तेच उतरवून घेतो. परीक्षेत हे त्यांनी शेकडो वेळा बघितलं होतं. त्या भराभर लिहू लागल्या. 'आमची नवी खिडकी. आम्ही परवा घर बदललं. हे गाव समुद्राजवळ आहे. खिडकीतून दोन क्रेन दिसतात, एक लाल आणि एक गंजलेली. आई म्हणते, आता इथेच राहायचं. ससा पण आणलाय. त्याला मासळीचा वास आवडत नाही.' असं गाव त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. अशी खिडकीही कुठे नव्हती. वाक्यं लहान मुलीची होती, निदान त्यांना तशी वाटली. शेवटची ओळ लिहून त्यांनी मसुदा जतन केला. 'जहाजाचा भोंगा वाजला की काचा थरथरतात.'

नोंद पुढे सरकली. 'मसुदा ६.' 'मसुदा ७.' मग काही क्षण काहीच नाही. आणि मग: 'आमची नवी खिडकी, मसुदा १, उघडला.'

खाली दुकानात लोखंडी काहीतरी पडलं आणि त्या दचकल्या. एक मिनिट. तीन मिनिटं. सहा. तो वाचत होता. वाच बाबा, वाच. जा समुद्राकडे. जितका लांब जाशील तितका जा.

अकरा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

"दोघी गाडीत आहेत," भाची म्हणाली. "शाळेच्या मागच्या दाराने काढलं. घरी गेलोच नाही, ससाही तिथेच राहिला. वाटाण्याने तोंड फुगवलंय, पण ठीक आहे. पोलीस तुझ्याकडे यायला निघताहेत, अर्धा तास लागेल म्हणाले. तू दार लाव. हो, आणि यांना तुझ्याशी बोलायचंय."

वाटाण्याची आई फोनवर आली. "बाई, मी एक गोष्ट तुमच्यापासून लपवली."

"बोल, बाळ."

"मी या गावात उगाच नाही आले. लग्नानंतर सुरुवातीला ते बरे होते. तेव्हा एकदा सांगत होते, लहानपणी दोन वर्षं एका गावात होते, तिथे एक वाचनघर होतं. टायरच्या दुकानावर. तिथल्या बाई कधी कुणाचं खोडायच्या नाहीत. त्यांच्या तोंडून चांगलं असं मी एवढ्या एकाच जागेबद्दल ऐकलं होतं. मला वाटलं... पळायचंच आहे तर चांगल्या जागी पळावं. त्यांना ते आठवत असेल असं वाटलं नाही."

भाचीने फोन परत घेतला. "मावशी, आता त्याला बाहेर काढ. खातं पुरतं काढून टाक. या वेळी उद्या नाही हं."

"नाही. आत्ता."

बाई पडद्याकडे वळल्या. नव्या खिडकीच्या मसुद्याखाली, शेरा लिहायच्या चौकटीत, एक ओळ आली होती. तिथे सही म्हणून सरांचं नाव होतं.

'बाई, हे तिने लिहिलेलं नाही. शेवटच्या ओळीत आवाज आहे. हे तुम्ही लिहिलंत.'

वाटाणा तिचे निबंध नेहमी प्रश्नावर संपवायची. बाई तिला दर वेळी सांगायच्या, अगं, शेवटच्या ओळीत कानाला काहीतरी ऐकू येऊ दे. ती मान हलवायची आणि पुन्हा प्रश्नच विचारायची. तिचे सातही मसुदे वाचणाऱ्याला ते दिसणारच. आणि शेवटी आवाज असावा हे चाळीस वर्षं कोण शिकवत आलंय, ते त्याला माहीत होतं, कारण तोही ते इथेच, याच फळ्यासमोर बसून शिकला होता.

बाईंना आता नाव शोधायला नोंदवही काढावी लागली नाही. तिसरी रांग, भिंतीकडची जागा. मधल्या सुट्टीत सगळं रिकामं आणि तो एकटा, मांडीवर दुसऱ्याची कच्ची वही. एकदा एक मुलगी रडत आली होती. "बाई, तो माझी वही वाचतो आणि मग मी घरी काय केलं ते मलाच सांगतो. मला भीती वाटते." बाई तेव्हा हसल्या होत्या. "वेडे, तो वाचतोय. खात नाहीये तुझी वही!" आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गासमोर त्याला उभं करून शाबासकी दिली होती.

त्यांनी सरांचं खातं उघडलं. 'काढून टाका' दाबलं. चौकट पुन्हा तोच प्रश्न विचारत आली: नष्ट करा, की दुसऱ्याच्या नावे करा? बाईंनी सरांची एकशे बारा चित्रं स्वतःच्या नावावर घेतली. डोंगर, घोडे, तळ्यातली बदकं, सगळ्यांखाली क्षणात त्यांचं नाव उमटलं. मुलं हसतील. हसू देत. मग त्यांनी वाटाण्याची दोन्ही पानं उघडली आणि एकेक मसुदा पुसला. सॉफ्टवेअर दर वेळी विचारत होतं, 'कायमचं? हे परत मिळणार नाही.' बाई दर वेळी हो म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका मुलीची कच्ची वही खोडली आणि खोडताना त्यांना रडू आलं नाही, याचंच त्यांना वाईट वाटलं.

हिरवा ठिपका गेला. सरांचं नावही गेलं. पण निघून जाण्याआधीची नोंदीतली शेवटची ओळ त्यांनी बघितली होती. दोघी गाडीत आहेत हे बाई फोनवर ऐकत होत्या, त्याच सुमारास त्याने आणखी एक पान उघडलं होतं. मुलांचं नव्हे. 'आमच्याविषयी.' त्यावर वाचनघराचा पत्ता होता, जिना कुठून चढायचा ते होतं, आणि बाई सकाळी दहापासून एकट्या असतात, कुणीही निःसंकोच यावं, हे बाईंनीच आपुलकीने लिहिलेलं होतं.

मुलगी कुठे गेली, हे या गावात आता फक्त एकाच माणसाला विचारता येण्यासारखं होतं. आणि भाची त्या दोघींना कुठे नेणार, हे बाईंनी मुद्दामच विचारलं नव्हतं. माहीत नसलेलं कुणी वाचून काढू शकत नाही. एवढं त्या आज शिकल्या होत्या.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली. बाईंनी लॅपटॉप मिटला, नोंदवही कपाटात ठेवून कपाटाला किल्ली लावली आणि दाराची कडी घालायला उठल्या.

अर्ध्या खोलीत पोचल्या असतील. दाराबाहेर पायपुसण्यावर कुणीतरी पाय पुसले. एकदा. दोनदा. मग जरा थांबून, अगदी नीट, शिकवल्यासारखं, तिसऱ्यांदा.